घरचा पसारा आणि घरची माणसे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दुर्गापुरा, जयपूर येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील भाषणाचा विषय भारदस्त असावा, असा एक संकेत आहे. समोर इतकी ज्येष्ठ मंडळी बसलेली पाहिली म्हणजे वक्त्याला संस्कृती, परंपरा, अस्मिता असे शब्द आपोआप सुचू लागतात. आम्ही मात्र आज पसाऱ्याविषयी बोलणार आहोत. परमुलखात राहणारा मराठी माणूस सभागृहात संस्कृतीविषयी बोलतो हे खरे. परंतु सभा संपून चहाचा पेला हाती आला की तो ज्याविषयी तळमळीने बोलतो, ते बहुधा घरचेच असते. "आमच्याकडे एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!" हे उद्गार कोणत्याही मेळाव्यात, कोणत्याही कोपऱ्यात ऐकू येतात. जे कोपऱ्यात बोलले जाते ते एकदा व्यासपीठावरून बोलले जावे, एवढाच आमचा हेतू आहे.

विषय हलका वाटेल. तो तसा नाही. आजारपण, मृत्यू, नोकरीवरील संकट अशा मोठ्या दुःखांना घरातली माणसे एकत्र येऊन तोंड देतात, असा आपला सर्वांचा अनुभव आहे. पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलापुढे मात्र प्रत्येक जण एकेकटा पडतो. वर्षानुवर्षे तोच टॉवेल, तीच सूचना आणि तेच मौन यांतून घरात जो दुरावा साचतो, तो कोणत्याही केरसुणीने निघत नाही.

ज्या शहरात आपण राहतो, ते व्यवस्थितपणाचा नमुना म्हणून जगभर ओळखले जाते. सवाई जयसिंहांनी १७२७ साली विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताच्या साह्याने हे नगर वसविले. नऊ चौकड्यांची आखणी, काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, आणि प्रत्येक व्यवसायाला नेमून दिलेली जागा. बांगड्या हव्यात तर मनिहारांचा रस्ता, तांब्यापितळेची भांडी हवीत तर ठठेऱ्यांचा रस्ता. तीन शतके होत आली तरी नवखा माणूसही विचारत विचारत नेमक्या दुकानी पोचतो. २०१९ साली या परकोटातील नगराला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, ती उगाच नव्हे. आणि त्याच जयपुरात, टोंक रोडवरच्या या आपल्या दुर्गापुऱ्यात, दोन खोल्यांच्या घरात नखे कापायचे यंत्र अर्धा तास शोधूनही सापडत नाही! राजाला नगर लावता आले, ते नगर लावणे सोपे होते म्हणून नव्हे. त्याचा हुकूम सर्वांना ऐकावा लागत होता, म्हणून. घरात हुकूम कोणी कोणाचा ऐकावा, हाच तर वादाचा विषय असतो.

पसारा हा शब्द मुळात वाईट नाही. संस्कृतातील 'प्रसार' हेच त्याचे मूळ. दुकानदार माल पसरून बसतो, तोही पसाराच; संतांनी अवघ्या विश्वाला पसारा म्हटले. पुढे त्याच शब्दाने घराचा उंबरा ओलांडला आणि तो आयांच्या तोंडी कायमचा बसला. आपल्या भाषेची या बाबतीतली श्रीमंती थक्क करणारी आहे. अस्ताव्यस्त, गबाळा, गचाळ, भोंगळ, वेंधळा, अजागळ! यांपैकी 'अजागळ' हा शब्द शेळीच्या गळ्याशी लोंबणाऱ्या निरुपयोगी स्तनावरून आलेला आहे, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तो शब्द नवऱ्यासाठी वापरताना थोडा विचार करावा. ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना आता कदाचित अधिक जोर येईल.

जुन्या मराठी घरात वस्तूंना जागा होत्या. दिव्याला कोनाडा, पागोट्याला खुंटी, दुधाला शिंके, कपड्यांना वळणी, बरण्यांना फडताळ, मडक्यांची उतरंड आणि उरलेल्या सगळ्याला माळा. हे नुसते फर्निचर नव्हते. घराच्या भिंतींतच बांधलेली ती शिस्त होती. आजच्या सदनिकेत ना कोनाडा आहे ना माळा. दाराच्या मागे एक खुंटी असते आणि तिच्यावर सात जणांचे अकरा कपडे असतात. उरलेले सर्व पेटीपलंगात जाते, आणि तिथे एकदा गेलेली वस्तू बदलीच्या दिवशीच पुन्हा उजेड पाहते.

त्यात जयपूरची धूळ. कोकणातून किंवा कोल्हापूरकडून लग्न होऊन इकडे आलेल्या स्त्रीने माहेरी ओलीशी लढण्याचे धडे घेतलेले असतात. बुरशी येऊ नये म्हणून वस्तू उंचावर ठेवायच्या, ऊन दिसले की गाद्या बाहेर काढायच्या. इथे शत्रूच निराळा. वैशाख-ज्येष्ठात आंधी उठते, दहा मिनिटांत आकाश पिवळे होते, आणि बंद खिडक्यांच्या फटींतून आलेली बारीक रेती पोळपाटापासून पोथीपर्यंत सर्वांवर समान बसते. सकाळी पुसलेले घर दुपारी पुन्हा पुसावे लागते. या धुळीत उघड्यावर पडलेली प्रत्येक वस्तू म्हणजे पुसण्याचे एक वाढीव काम, हे ज्याला उमगले नाही, त्याला घरातल्या बाईच्या चिडण्याचा अर्थ कळणार नाही. टेबलावर पसरलेले वर्तमानपत्र वाचणाराला वर्तमानपत्र दिसते. तिला त्यावर संध्याकाळी बसणारी धूळ सकाळीच दिसते.

आता पसारा करणाऱ्या मंडळींचा थोडा परिचय. आमच्या पाहण्यात त्यांचे चार वर्ग आहेत. पहिला 'आणणारा'. याला स्वस्त मिळाले की पुरे. घरी तीन चाळण्या असताना हा चौथी आणतो. दुसरा 'ठेवणारा'. "असू दे, कधीतरी लागेल" हा याचा मंत्र. रिकाम्या बाटल्या, बंद पडलेली घड्याळे, पिशवीत पिशवी आणि तिच्यात पिशवी, मुदत संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. काहीही टाकू देत नाही. तिसरा 'टाकणारा', म्हणजे केराच्या टोपलीत टाकणारा नव्हे. चालता चालता हातातले जिथे असेल तिथे टाकून पुढे जाणारा. किल्ल्या फ्रिजवर, चष्मा न्हाणीघरात, मोजे दिवाणखान्यात. चौथा वर्ग सर्वांत धोक्याचा, तो 'आवरणारा'. पाहुणे येणार म्हटले की हा सगळे एका चादरीत गोळा करून कपाटात कोंबतो आणि घर स्वच्छ झाले असे जाहीर करतो. पुढचे पंधरा दिवस विजेचे बिल कोणालाच सापडत नाही.

हसणे झाले. आता हा पसारा उचलतो कोण, ते पाहू. भारत सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. सहा वर्षांवरील माणसे दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात, हे तीत विचारले होते. घरच्या माणसांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, असे दिसून आले. म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांपैकी असे काम करणारे मुळात शेकडा सव्वीसच, आणि जे करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटे. पुढे २०२४ साली पुन्हा तशीच पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटे २८९ वर आली. दहा मिनिटे वाचली खरी. परंतु ती पुरुषांनी उचलली असे म्हणावे, तर त्यांचीही ९७ वरून ८८ वर उतरलेली! आकड्यांचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या घरी जाऊन लावावा.

दुसरा एक अभ्यास अमेरिकेतला आहे. लॉस एंजलिस येथील सॅक्सबी आणि रेपेटी या दोन मानसशास्त्रज्ञ महिलांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांना आपापले घर दाखवीत त्याचे वर्णन करावयास सांगितले, आणि त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल या तणावाशी निगडित द्रव्याचे प्रमाण दिवसातून अनेकदा मोजले. २०१० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या स्त्रिया आपल्या घराचे वर्णन पसारा, अपुरी कामे अशा शब्दांत करीत, त्यांच्या शरीरातील हे प्रमाण दिवसभरात जसे उतरावयास हवे तसे उतरत नव्हते. त्यांच्या पतींच्या बाबतीत असा संबंध ठळकपणे आढळला नाही. अभ्यास लहान होता, देश निराळा होता, हे मान्य. तरीही "एवढे काय मनाला लावून घ्यायचे?" असे जेव्हा घरातला पुरुष विचारतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या मनाला ते खरोखरच लागत नसते. पसारा एक असतो. तो दोघांच्या अंगाला निरनिराळा लागतो.

मराठी साहित्यात याचे सर्वांत मोठे चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात आहे. पती नारायण वामन टिळक थोर कवी, थोर मनाचे. परंतु लहरी, विसराळू आणि हाती आलेले देऊन टाकणारे. अशा माणसाबरोबर संसार करणे म्हणजे काय, ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले आहे. परंतु त्याच ग्रंथात त्यांच्या वडिलांचेही चित्र आहे, आणि ते आपण विसरता कामा नये. वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले होते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे, आणि त्या धुण्यापायी सगळे घर जेरीस आलेले. एकीकडे वस्तूंची शुद्धच नसलेला पती, दुसरीकडे शुद्धीवाचून दुसरे काही न सुचणारा पिता. लक्ष्मीबाईंनी दोन्ही टोके सोसली. पसाऱ्याने घरातली माणसे गांजतात, तशी ती टापटिपीनेही गांजतात. ज्या घरात उशीला सुरकुती पडेल म्हणून मुलाला पलंगावर बसू देत नाहीत, ते घर नीटनेटके असेल. पण मुलाला ते आपले वाटणार नाही.

गाडगेबाबांचे उदाहरणही अशा वेळी आठवते. बाबा गावात येत ते खराटा घेऊन. दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडीत. "झाडा" असे सांगण्याआधी ते स्वतः झाडत, म्हणून गाव त्यांच्यामागे झाडू लागे. परंतु गाव झाडणाऱ्याच्या पायांवर गाव डोके ठेवते. घर झाडणारीकडे घरातले कोणी पाहतही नाही. तिचे काम झाले म्हणजे दिसत नाही, आणि राहिले म्हणजे सर्वांना दिसते. घरकामाचे हे दुर्दैव आहे.

आता परमुलखातील आपल्या घरांची एक खास अडचण सांगतो. आपला निम्मा पसारा हा पसारा नसतो. तो गाव असतो. सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेला पाटा-वरवंटा, जो मिक्सर आल्यापासून गॅलरीत पडून आहे. दिवाळी अंकांचे गठ्ठे, कारण इथे मराठी अंक दुर्मीळ. आजोबांची ट्रंक, पितळी बंब, पुरणयंत्र, लग्नातला पाट, मोडी लिपीतले कागद, जे आता घरात कोणालाच वाचता येत नाहीत. पुण्यात राहणाऱ्याने पाटा काढून टाकला तर तो एक दगड टाकतो. जयपुरात राहणाऱ्याने टाकला तर त्याला वाटते, आपण तिकडची अखेरची खूण टाकली. म्हणून ट्रंका उघडत नाहीत आणि हलतही नाहीत. मुले मात्र इथे वाढलेली, आता बंगळूरला किंवा परदेशी असलेली. त्यांना त्या ट्रंकेत काय आहे हे कोणी सांगितलेले नसते. एक दिवस आई-वडील जातात, मुले चार दिवसांची रजा काढून येतात, भंगारवाला बोलावतात, आणि पाटा किलोच्या भावाने जातो. मुलांना दोष देऊ नये. ज्या वस्तूची गोष्ट सांगितली गेली नाही, ती वस्तू दुसऱ्या पिढीच्या दृष्टीने अडगळच असते.

यावर कोणी म्हणेल की, मुले दूर गेल्यावर त्यांच्या पसाऱ्याचीच आठवण येते, तेव्हा आज कुरकुर करू नये. हे सांत्वन आम्ही पुष्कळ ऐकले आहे. ते खरे असेलही. पण ते ओला टॉवेल दोरीवर टाकीत नाही.

तर मग करावे काय? आम्ही उपदेशकाची भूमिका घेऊ इच्छीत नाही. चार गोष्टी विचारार्थ मांडतो.

पहिली गोष्ट आपल्या दुर्गापुऱ्यातच शिकण्यासारखी आहे. इथल्या कृषी संशोधन संस्थेतून गव्हाचे 'राज ३०७७' यासारखे नामांकित वाण बाहेर पडले. बियाण्याच्या कामात एक नियम कधीही मोडत नाहीत: प्रत्येक पिशवीला चिठ्ठी. दोन वाणांचे दाणे डोळ्यांना सारखेच दिसतात. चिठ्ठी चुकली तर अनेक वर्षांचे श्रम मातीमोल. कोणत्या पिशवीत काय आहे हे एकट्या शास्त्रज्ञाच्या डोक्यात असून चालत नाही. आपल्या घरात नेमके उलटे असते. घराची सगळी व्यवस्था एका बाईच्या डोक्यात असते. "अगं, माझा चष्मा कुठंय?" "आई, माझं प्रमाणपत्र?" तिला सर्व ठाऊक, इतरांना काहीच नाही. यात तिला थोडा मोठेपणा वाटतो, हेही खरे. परंतु ती चार दिवस माहेरी गेली किंवा रुग्णालयात पडली की घर आंधळे होते. तेव्हा डब्यांवर, फायलींवर, औषधांच्या खोक्यावर स्वच्छ अक्षरांत चिठ्ठ्या लावाव्यात. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहून कागद, शाई, लेखणी यांचीसुद्धा काळजी वाहिली आहे. हळदीच्या डब्यावर नाव लिहिण्यात कसला कमीपणा?

दुसरी गोष्ट भाषेची. "आम्ही आईला मदत करतो" असे मुले अभिमानाने सांगतात, पतीही सांगतात. मदत दुसऱ्याच्या कामात करावयाची असते. आपण जेवलेले ताट उचलणे ही मदत नव्हे. रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे घरातल्या प्रत्येकाने, आजोबांपासून नातीपर्यंत, आपापल्या वस्तू जागी ठेवाव्यात, आणि त्या वेळी कोणी कोणावर देखरेख करू नये. शब्द बदलला की काम हळूहळू बदलते.

तिसरी गोष्ट आवरणाऱ्यांसाठी. घरात प्रत्येकाला एक खण, एक कोपरा असा असावा की तिथे दुसऱ्याने हात घालू नये. तिथला पसारा हा त्याचा हक्क. बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मात्र सर्वांचे. तिथे सर्वांचा कायदा. मारी कोंडो या जपानी बाईंनी घर आवरण्यावर पुस्तक लिहून जगभर कीर्ती मिळविली. तिसरे मूल झाल्यावर आपण टापटिपीचा हट्ट बराचसा सोडला, असे त्यांनीच २०२३ साली मोकळेपणाने सांगितले. ज्यांनी जगाला आवरायला शिकविले, त्यांनी थोडे सैल सोडले तर आपणही सोडावयास हरकत नाही.

इथल्या लोकांनी या बाबतीत एक सुंदर सोय करून ठेवली आहे. होळीनंतरच्या आठव्या दिवशी, इथल्या पंचांगाने चैत्र कृष्ण आणि आपल्या पंचांगाने फाल्गुन वद्य अष्टमीस, शीतलामातेचा 'बासोडा' असतो. याच टोंक रोडने पुढे चाकसूला शील की डूंगरीवर मोठी जत्रा भरते. त्या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या दिवशीचे थंड अन्न सर्वांनी खावयाचे. आणि या देवीच्या हाती काय असते? झाडू. आपल्याकडेही लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीची पूजा होते. दोन्ही प्रांतांच्या परंपरेने झाडूला देवत्व दिले. इथल्या लोकांनी त्याबरोबर चुलीला आणि बाईला एक दिवसाची सुट्टीही दिली. आपण शेजाऱ्यांकडून जरूर घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

चौथी आणि शेवटची गोष्ट ट्रंकांची. घरातली वडीलधारी माणसे हिंडती-फिरती आहेत तोवर, येत्या सुट्टीत, एक एक ट्रंक सर्वांनी मिळून उघडावी. काय ठेवायचे, काय द्यायचे, काय टाकायचे, हे ज्यांची वस्तू त्यांनाच ठरवू द्यावे. जे ठेवायचे त्याची गोष्ट चार ओळींत लिहून वस्तूबरोबर ठेवावी: कोणाची, कोठली, कधी आणली. मग पाटा राहिला काय आणि गेला काय, त्याची गोष्ट घरात राहील.

बंधुभगिनींनो, मंडळ हेही एक घरच असते. पन्नास वर्षांत त्याचाही पसारा साठतोच: इतिवृत्तांच्या वह्या, नाटकांच्या संहिता, गणेशोत्सवाच्या पावत्या, आणि छायाचित्रे, ज्यांच्या मागे एकही नाव लिहिलेले नसते. त्या छायाचित्रांतील चेहरे ओळखणारी माणसे आज या सभागृहात बसलेली आहेत. ती हीरकमहोत्सवाला सगळीच असतील असे नाही. तेव्हा आमची पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की, या वर्षीच एक रविवार ठरवावा, मंडळाचे कपाट रिकामे करावे, ज्येष्ठांना मध्ये बसवावे, आणि तरुणांनी हाती पेन्सिल घेऊन प्रत्येक छायाचित्रामागे नावे लिहावीत. चहाची व्यवस्था मंडळाने करावी. कपबशा मात्र प्रत्येकाने आपापल्या विसळाव्यात.